जास्त सापडलेला तांदूळ म्हणजे चोरी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत पोषण आहाराचा, म्हणजे मुलांच्या शाळेतल्या जेवणाचा, तांदूळ नोंदीपेक्षा सहा पोती जास्त सापडला आणि मुख्याध्यापकांना नोटीस निघाली, ही बातमी कालच्या अंकात ठळक छापली आहे. मुलांच्या तोंडचा घास काढून ही पोती साठवली असा तिचा सूर आहे. पोती सहा का साडेसहा याची चौकशी जरूर व्हावी. पण ऐन एप्रिलअखेर शाळेत तांदूळ कसा साठतो, हे तुमच्या वार्ताहरांनी कोणत्याही शाळेतल्या स्वयंपाकीण ताईंना विचारले असते तरी पाच मिनिटांत कळले असते.

पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम, हे प्रमाण ठरलेले आहे. पोषण आहाराच्या ॲपवर रोजची उपस्थिती भरली की याच हिशेबाने तांदूळ खर्ची पडतो. प्रत्यक्षात पहिली-दुसरीचे मूल १०० ग्रॅम तांदळाचा भात एका बैठकीत संपवत नाही. कच्च्या १०० ग्रॅमचा शिजून जवळजवळ तिप्पट भात होतो आणि त्यात वरण किंवा उसळही असते. मार्चपासून शाळा सकाळची भरते. मुले घरून चहा-बिस्कीट खाऊन येतात आणि साडेनऊला त्यांना भूक अर्धीच असते. म्हणून अनुभवी ताई ७० मुलांना सात किलो न लावता पावणेसहा-सहा किलोच लावतात. सात किलो लावले तर उरलेला भात दुपारी गुरांपुढे टाकावा लागतो. दिवसाला एक किलो वाचला तरी प्राथमिकच्या २०० दिवसांत २०० किलो, म्हणजे चार पोती होतात. हा तांदूळ कोणी चोरलेला नाही, उलट कोणी तो बाजारात नेला नाही म्हणूनच तपासणी पथकाला सापडला.

उरलेली दोन पोती कुठून आली? शाळेला धान्य आणणाऱ्या गाडीची वेळ पाहिली की कळते. १२० पटाच्या शाळेची मार्च-एप्रिलची मागणी ४४ दिवसांची धरू. रोजचे १२ किलो म्हणजे ५२८ किलो. बहुतेक ठिकाणी ही मागणी हजेरीवर नव्हे, पटावरच्या सगळ्या मुलांवर जाते. त्यातून शिल्लक वजा होते, पण ती दोन महिन्यांपूर्वीची. गाडी मार्चमध्ये येत नाही. ती येते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, परीक्षेचे सहा दिवस उरलेले असताना. तोवर शाळा जुन्या शिलकीवर आणि शेजारच्या शाळेकडून उसन्या आणलेल्या दीड-दोनशे किलोंवर चाललेली असते. उसनवारीला ॲपमध्ये रकानाच नाही. समजा १५० किलो परत केले आणि सहा दिवस हजर असलेल्या ७० मुलांना सात किलोप्रमाणे ४२ किलो शिजवले, तरी ३३६ किलो उरतात. जवळजवळ सात पोती. आणि गाडीची आवक वरून नोंदली जाईपर्यंत ॲपमधली शिल्लक आणि खोलीतली शिल्लक यांचा मेळ बसणे शक्यच नाही. तपासणी नेमकी त्याच आठवड्यात होते.

ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या पट्ट्यातले चित्र वेगळे आहे. तिथे हंगाम संपला की मुले गावी परततात आणि मार्च-एप्रिलमध्ये उपस्थिती वाढते. सगळ्या जिल्ह्याला एकच आकडा लावला की एका शाळेत पोती पडून राहतात आणि दुसरीत ताई डाळीत पाणी वाढवत बसतात.

आता या तांदळाचे पुढे काय होते ते सांगतो, कारण खरा दोष तिथे आहे. मे महिना आणि अर्धा जून ही पोती पत्र्याच्या खोलीत बंद राहतात. विदर्भात तर जून संपत येईपर्यंत. सोंडे किड्याची मादी दाणा कोरून आत अंडे घालते आणि उबेत महिन्याभरात नवा किडा दाणा फोडून बाहेर येतो. एप्रिलअखेर एका पोत्यात दहा-वीस किडे असतील तर शाळा उघडेपर्यंत पोते चाळल्यावर चाळणी काळी होते. अख्खे मूग, मटकी आणि चवळी यांना भुंगा याहून लवकर लागतो. त्या मानाने तूरडाळ टिकते. पहिल्या पावसात भिंतीला टेकलेल्या पोत्यांना ओल धरते आणि तळातला तांदूळ गठ्ठ्याने निघतो. मग जूनमध्ये पुन्हा बातमी येते की मुलांना किडका तांदूळ खायला घातला. किडे मारायला कोणी वर्गाशेजारच्या खोलीत धुरीच्या विषारी गोळ्या ठेवत असेल तर त्याला तिथेच थांबवावे. त्या गोळ्यांचा वायू माणसाचा जीव घेतो.

शेवटच्या आठवड्यात शाळांनी काय करायचे ते अवघड नाही. फोडलेली पोती आधी संपवावीत. शेवटच्या दिवशी वजनकाट्यावर प्रत्यक्ष वजन करावे आणि रिकाम्या पोत्याचे अर्ध्या किलोहून जास्त वजन वजा धरावे, कारण दहा पोत्यांमागे पाच-सहा किलोंची तूट तिथेच निघते. तेलाच्या पिशव्या आणि मसाल्याच्या पुड्यांवरची तारीख पाहावी आणि जूनमध्ये बाद होणारे आताच वापरून टाकावे. कडधान्ये दोन उन्हे दाखवून, थंड झाल्यावर झाकणाच्या डब्यात भरावीत. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नये, दाणा तडकून कणी होते. पोती लाकडी फळ्यांवर ठेवावीत आणि भिंतीपासून हातभर लांब रचावीत. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी बसवावी. रिकाम्या बारदानाची मोजणी नोंदवहीत घ्यावी. उसनवारीसाठी दोन्ही मुख्याध्यापकांच्या सह्यांची पावती ठेवावी, नोटिशीला उत्तर देताना तीच उपयोगी पडते.

पण हे सगळे करण्याची वेळच का यावी? उरलेला तांदूळ आणि कडधान्य सुट्टीआधी मुलांच्या घरी द्या, एवढीच माझी मागणी आहे. वरच्या उदाहरणातले ३३६ किलो १२० मुलांत वाटले तर प्रत्येकाला २ किलो ८०० ग्रॅम मिळतात. पोषण आहाराची ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली तेव्हा ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य घरीच मिळत होते. शिजवलेले अन्न आले ते सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर, आणि ते योग्यच झाले. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा शाळांत पडून असलेला तांदूळ आणि कडधान्य मुलांना वाटलेच होते. पालकांना ठरावीक वेळा देऊन, रांगेत उभे करून, सही घेऊन शिक्षकांनी ते वाटले. म्हणजे पद्धत माहीत आहे आणि नोंदवहीचा नमुनाही तयार आहे.

पुढच्याच वर्षी, २०२१ च्या उन्हाळ्यासाठी, काय ठरले ते वाचकांना आठवत असेल. ३५ दिवसांच्या सुट्टीचे धान्याऐवजी पैसे, तेही मुलाच्या बँक खात्यात. पहिली ते पाचवीला १५६ रुपये आणि सहावी ते आठवीला २३४ रुपये. लहान मुलांना दिवसाला साडेचार रुपयेही नाहीत. खाते उघडायला आईला मजुरीचा दिवस बुडवून तालुक्याला जावे लागणार, आधार कार्ड, फोटो आणि झेरॉक्स यांचा खर्च वेगळा, त्यात बँक किमान रकमेचे विचारणार. १५६ रुपये मिळवायला त्याहून जास्त खर्च. हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी पोतडीतून तीन किलो तांदूळ घरी नेणारे मूल कधी पाहिले नसावे. त्या तांदळाला पासबुक लागत नाही.

कायद्याने सुट्टीत जेवण बंधनकारक नाही हे मला ठाऊक आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये सुट्टीचे दिवस वगळलेलेच आहेत. पण दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले आहे. दुष्काळ जाहीर व्हायची वाट न पाहता निदान खोलीत पडलेले धान्य तरी वाटता येते. त्याला नवा पैसा लागत नाही. एक परिपत्रक लागते, आणि ते मार्चमध्ये निघायला हवे.

बातमीतल्या छायाचित्राखाली ‘प्लास्टिकसदृश दाणे’ असे लिहिले आहे, तेही दुरुस्त करावे. ते पोषणयुक्त तांदळाचे दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून ते दाबून तयार करतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात घालतात. रंगाने वेगळे दिसतात म्हणून ताई ते निवडून टाकतात. अशा मथळ्यांनी त्या आणखी घाबरतात.

आणि स्वयंपाकी ताईंचे मानधन दहाच महिन्यांचे का? जूनमध्ये शाळा उघडायच्या दोन दिवस आधी त्यांनाच बोलावून भांडी घासून, तांदूळ चाळून, चुलीची खोली सारवून घेतात. त्या दोन दिवसांचे पैसे त्यांना द्या.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक, मराठवाडा