काउंटरचा क्रिस्टल ओव्हन

ती. बाबा आणि आई यांस सा. न.

बाबा, फ्रिक्वेन्सी मोजायचा काउंटर दोन तास तापूनही 10 मेगाहर्ट्झवर सरकत राहतो म्हणून आतल्या क्रिस्टलवर संशय घेऊ नका. क्रिस्टल क्वचितच जातो, बहुतेकदा त्याला ठरलेल्या तापमानावर ठेवणाऱ्या ओव्हनच्या हीटरची बाजू जाते.

आधी प्लग भिंतीतून काढा. पुढचं बटण बंद असलं तरी स्टँडबायमध्ये ओव्हनला वीज चालूच असते, त्या बटणावर भिस्त ठेवू नका.

मग ओव्हनच्या सप्लायमध्ये सिरीजला मीटर लावा आणि मगच प्लग परत घाला. 24 व्होल्टचा ओव्हन थंड असताना साधारण अर्धा अँपिअर ओढतो आणि गरम झाला की 100 मिलिअँपिअरच्या आसपास उतरतो. करंट उतरतच नसेल तर थर्मिस्टर (तापमान ओळखणारा रेझिस्टर) किंवा हीटरचा ट्रान्झिस्टर बघा. मात्र ओव्हनभोवतीचा ऊब धरणारा फोम काढून उघड्यावर मोजलंत तर चांगला ओव्हनही उतरत नाही.

करंटच नसेल तर प्लग पुन्हा काढून थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं की तुटणारा फ्यूज, तपासा. वर्षानुवर्षं तापून तो आपोआपही जातो, पण थर्मिस्टरचा सोल्डर तडकला असेल तर कंट्रोलरला ओव्हन बर्फासारखा गार वाटतो, तो हीटर पूर्ण ताणतो आणि नवा फ्यूजही उडतो. थर्मिस्टरवर मीटर धरून हेअर ड्रायरची हलकी ऊब द्या. रेझिस्टन्स सलग उतरला पाहिजे, मध्येच उडी नको. फ्यूजवर छापलेल्या तापमानाचाच नवा घ्या. तार टाकून बायपास तर नकोच.

आई, इथे तुझा हात लागेल. फ्यूजचं अंग आणि सोल्डरचा सांधा यांच्यामधली तार टोकदार पकडीत धरून ठेव, नाहीतर सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेनं नवा फ्यूज तिथल्या तिथे जाईल. फ्यूजच्या तारा लांब ठेवा, दोन-तीन सेकंदांत उरका.

चिकट झालेला जुना फोम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तेवढ्याच जाडीचा नवा बसवा. तापमान ठरवणारा रेझिस्टर बदलू नका, तो त्याच क्रिस्टलसाठी निवडलेला असतो.

फ्रिक्वेन्सीचा स्क्रू निदान 24 तासांनीच हलवा, तोही प्लास्टिकच्या पेचकसाने. ऑसिलोस्कोप जीपीएसवरून मिळणाऱ्या अचूक 10 मेगाहर्ट्झवर ट्रिगर करा. काउंटरची लहर 100 सेकंदांत पूर्ण एक आवर्तन सरकली, म्हणजे 100 नॅनोसेकंद, तर चूक 0.01 हर्ट्झ. तेवढ्यावर थांबा. स्क्रूच्या भोकाचं झाकण लावून पुन्हा एकदा बघा, हवा लागली की आकडा हलतो.

तुमची लेक