बुकिंग मिळालं नाही म्हणून योसेमिटी चुकवू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मे महिना आला की सातारा, सांगली, पुण्याकडचे कितीतरी आई-वडील मुलांकडे अमेरिकेला येतात. त्यांतले बरेच जण आपला पेपर इथे बसूनही मोबाइलवर वाचतात, म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवते आहे. मी मूळची कराडची. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहते आणि फिजिओथेरपिस्ट आहे. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात भेटणाऱ्या काका-काकूंकडून परतीच्या आधी एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "सगळं बघितलं, तेवढं योसेमिटी राहिलं. जागाच मिळाली नाही म्हणे." चार-पाच महिने राहूनही चार तासांवरचं योसेमिटी राष्ट्रीय उद्यान न बघता ही माणसं परत जातात. पुन्हा इतका लांबचा प्रवास झेपेल की नाही, हे त्यांनाही माहीत नसतं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

जागा मिळत नाही हे खोटं नाही. योसेमिटीला वर्षाकाठी चाळीस लाखांच्या आसपास माणसं येतात. तिथल्या बहुतेक कॅम्पग्राउंडचं, म्हणजे तंबू ठोकायच्या तळांचं, बुकिंग सरकारी संकेतस्थळावर पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला सकाळी सात वाजता उघडतं आणि व्हॅलीतल्या, म्हणजे मुख्य खोऱ्यातल्या, जागा काही मिनिटांत संपतात. हॉटेलं तर बघायलाच नकोत. पण आई-वडिलांच्या बाबतीत पाच महिने आधी ठरवायचं तरी कसं? व्हिसाची तारीख मिळायची असते, मग तिकिटं, मग कुणाच्या तरी घरचं लग्न, मग मोतीबिंदूचं ऑपरेशन. इथे आल्यावरही जेट लॅग उतरेपर्यंत पंधरवडा जातो. आपल्या घरांत ही सहल शेवटच्या घटकेलाच ठरते, आणि त्यात कुणाची हयगय नसते.

शेवटच्या घटकेलाही जागा मिळते, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

आधी उद्यानातच बघावं. सगळ्या जागा पाच महिने आधी सुटत नाहीत. व्हाइट वुल्फ, पॉर्क्युपाइन फ्लॅट, टॅमरॅक फ्लॅट अशा वरच्या अंगाच्या कॅम्पग्राउंडचं बुकिंग दोन आठवडे आधी उघडतं. शिवाय लोक बुकिंग रद्द करतात. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलं तर पहिल्या रात्रीचं भाडं बुडतं, म्हणून ज्यांचा बेत बदलतो ते त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस साधतात. त्याच संकेतस्थळावर जागा रिकामी झाली की कळवण्याची सोय आहे, ती चालू करून ठेवावी आणि मोबाइल जवळ ठेवावा. नातवंडांना हे काम दिलं तर ती आवडीने करतात.

तिथे नाहीच जमलं तर उद्यानाची हद्द ओलांडायची. हे आपल्या लोकांना कुणी सांगत नाही, आणि माझा सगळा भर याच्यावरच आहे. योसेमिटीच्या चारही बाजूंना राष्ट्रीय वनं पसरली आहेत. पश्चिमेला स्टॅनिस्लॉस, दक्षिणेला सिएरा, पूर्वेला इन्यो. डोंगर तेच, पाइनची झाडं तीच. या वनांतल्या बऱ्याच कॅम्पग्राउंडमध्ये बुकिंग चालतच नाही. जो आधी येईल त्याची जागा.

आम्ही आई आणि अण्णांना घेऊन गेलो ते पूर्वेकडच्या ली व्हायनिंगच्या खोऱ्यात. शुक्रवारी संध्याकाळी तिथे पोचून काही मिळत नाही. गुरुवारी सकाळी अकरा-बाराच्या सुमारास, आदल्या रात्रीची माणसं तंबू गुंडाळत असताना पोचायला हवं. त्यासाठी आम्ही आधीची रात्र वाटेत ओकडेलला मोटेलमध्ये काढली आणि पहाटे निघालो. प्रत्येक जागेपाशी एक खांब असतो. त्यावर चिठ्ठी नसली की जागा आपली. दाराशी ठेवलेलं पाकीट घ्यायचं, नाव आणि गाडीचा नंबर लिहायचा, पैसे आत घालून लोखंडी नळीत टाकायचं आणि पाकिटाचा फाडलेला तुकडा खांबाला अडकवायचा. सुटे डॉलर जवळ ठेवा, कारण तिथे परत द्यायला कुणी बसलेलं नसतं. बाजूला ओढा, टेबल-बाकडी, चुलीचं लोखंडी कडं, थोड्या अंतरावर संडास. तिथून टायोगा खिंड चढून पंधरा-वीस मैलांवर टुअलमी मेडोजचं मोकळं गवताळ पठार. योसेमिटी व्हॅली मात्र तिथून दोन तासांवर आहे, त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. आम्ही ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेला खाली उतरून मोनो लेक बघितला. त्या खाऱ्या पाण्यातून वर आलेले चुनखडीचे सुळके बघताना अण्णा कितीतरी वेळ काठावरून हलले नाहीत.

आता आई-वडिलांच्या शरीराविषयी. हे मी माझ्या कामाच्या अनुभवावरून लिहिते. "म्हाताऱ्या माणसांना तंबूत कसं झोपवायचं?" हा प्रश्न मुलंच विचारतात, आई-वडिलांना कुणी विचारतच नाही. ज्यांनी शेतातल्या मळणीच्या रात्री खळ्यावर काढल्या, वारीत पालात मुक्काम केला, त्यांना तंबूचं भय नसतं. त्रास होतो तो जमिनीवरून उठताना गुडघ्यांना. त्यावर उपाय सोपा आहे : गुडघ्याएवढ्या उंचीची घडीची खाट, तिच्यावर जाड गादी, आणि आत उभं राहता येईल इतका उंच तंबू. रात्री उठायचं तर डोक्याला बांधायचा दिवा आणि हातात काठी. संडासाच्या जवळची जागा घ्यावी. थंडीला कमी लेखू नका. जूनमध्येही पहाटे बोटं गारठतात. कानटोपी, लोकरीचे मोजे आणि शून्य अंशाला चालणारी स्लीपिंग बॅग हवीच.

उंचीचा विचार मात्र नीट करा. आपली कळसूबाई ५,४०० फुटांची. ली व्हायनिंगच्या खोऱ्यातले तळ सात हजारांच्या वर आहेत आणि टायोगा खिंड ९,९०० फुटांहून उंच. पहिल्या दिवशी डोकं जड होणं, धाप लागणं साहजिक आहे. पाणी भरपूर प्यावं आणि त्या दिवशी चालणं टाळावं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या बाजूला येऊ नका. तुमच्यासाठी पश्चिमेकडचे कमी उंचीचे तळ बरे. खिंडीजवळच्या एलरी आणि टायोगा तलावांकाठचे तळ दिसायला फार सुंदर आहेत, पण तिथे झोपायचं म्हणजे साडेनऊ हजार फुटांवर. आई-वडिलांना मी तिथे रात्री ठेवणार नाही.

राष्ट्रीय वनात ठरलेल्या तळाबाहेर फुकट तंबू ठोकायचीही मुभा असते. पण तिथे ना पाणी, ना संडास. तरुण मुलांनी खुशाल जावं. तिथे गॅसची शेगडी पेटवायलाही परवाना लागतो. तो ऑनलाइन विनामूल्य मिळतो. आगीचे नियम मनापासून पाळा. ऑगस्ट २०१३ मध्ये याच स्टॅनिस्लॉसच्या रानात एका बेकायदा शेकोटीतून रिम फायर भडकली आणि अडीच लाख एकरांहून जास्त जंगल जळालं. ग्रोव्हलँडकडून येताना अजून उघडेबोडके डोंगर दिसतात.

अस्वलांचंही तसंच. योसेमिटीत रात्री गाडीत खाण्याची वस्तू ठेवायला बंदी आहे. वासाचं जे काही असेल ते लोखंडी पेटीत बंद करायचं. आपल्या सामानात लोणचं, ठेचा, भडंग, दशम्या, मेतकूट असतं, त्याचा वास दूरवर जातो. खोबरेल तेल, टूथपेस्ट आणि खोकल्याच्या गोळ्याही पेटीतच जायला हव्यात. आईने पहिल्या रात्री स्वतःची पर्स उलटी करून त्यातली बडीशेपेची पुडी शोधून पेटीत ठेवली, तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला. अस्वल एकदा माणसाच्या खाण्याला सोकावलं की पुष्कळदा त्यालाच मारावं लागतं.

एक कळकळीची विनंती. काही ग्रुपवर योसेमिटीच्या जागा विकायला असतात. छत्तीस डॉलरच्या जागेचे कित्येक पट पैसे मागितले जातात आणि घाईत असलेली माणसं देतातही. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने दिले. ज्याच्या नावावर बुकिंग असतं त्याला ओळखपत्रासह हजर राहावं लागतं, त्यामुळे दारात गेल्यावर त्यांना परत फिरावं लागलं. मागच्या बाकावर सत्तरी ओलांडलेले आई-वडील होते. अशा व्यवहाराला कुणी थारा देऊ नये. आणि १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांना योसेमिटीत शिरताना नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय माणशी शंभर डॉलर जादा पडतात. आई-वडील व्हिजिटर व्हिसावर असतील तर तो खर्च आधीच धरून चला.

एका जागेत सहा माणसांना राहता येतं. आई-वडील, मुलगा-सून किंवा लेक-जावई आणि दोन नातवंडं, एवढं घर त्यात मावतं.

वाचकांतल्या आई-वडिलांना माझं सांगणं असं, की मुलं विचारायची वाट बघू नका. "आम्हाला तंबूत झोपायला चालेल," हे फोनवर तुम्हीच सांगून टाका. टायोगा खिंडीचा रस्ता हिवाळाभर बर्फाने बंद असतो आणि पुष्कळदा जून उजाडला तरी उघडत नाही. तेव्हा पूर्वेच्या बाजूने जायचं असेल तर तो उघडल्याची खात्री करून मगच निघा. जुलै ते सप्टेंबर हा काळ सगळ्यांत भरवशाचा. आणि कानटोप्या तिकडूनच आणा.

आपली,
एक वाचक
फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया (मूळ गाव कराड)