जळगावच्या सोनारनानांना, राजपूतच्या डोलकाठ्यांबद्दल

नाना, नमस्कार.

हे पत्र दुकानात येऊन हातात देता आलं असतं, पण तुम्ही ते न वाचताच गल्ल्याखाली सरकवलं असतं आणि पोराला चहा सांगितला असता, हे मला पक्कं माहितीये. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय, तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेलच. पैसे तुम्ही घेतले नाहीत, शाल-श्रीफळ आणलं तर दुकानातून हाकलाल, मग माझ्या हातात एवढंच उरलं की चार लोकांत सांगायचं, सराफ बाजारातल्या एका जुन्या कारागिरामुळे माझ्या आयएनएस राजपूतच्या मॉडेलच्या डोलकाठ्या उभ्या राहिल्या.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. मी युद्धनौकांची स्केल मॉडेल बनवतो. खान्देशात बसून. इथून तापी तेवढी समुद्राला जाते, आम्ही लग्नाला सुरतला गेलो तर जातो. नातेवाईक म्हणतात एवढा बाप्या झाला तरी खेळण्यांशी खेळतो, म्हणू दे. जपानी, अमेरिकन, जर्मन जहाजांचे किट बाहेरून मागवता येतात, १:७०० नाहीतर १:३५० मापात, म्हणजे खऱ्या जहाजाच्या सातशेव्या नाहीतर साडेतीनशेव्या हिश्शाएवढे, बॉक्स उघडा, तुकडे कापा, चिकटवा. १९७१ साली जपानच्या शिझुओकातल्या तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी मिळून जहाजं वाटून घेतली आणि १:७०० ची वॉटरलाइन सिरीज काढली, म्हणजे जहाजाचा पाण्यावर दिसतो तेवढाच भाग, तेव्हापासून ते माप जगभर रुळलंय. पण आपल्या नौदलाचं जहाज पाहिजे तर किट सहजासहजी हाती लागत नाही, मग बसा स्वतः कापत, फोटो आणि ड्रॉइंग समोर ठेवून, प्लास्टिकच्या शीटमधून, तारेतून, जे मिळेल त्यातून.

मला राजपूतच पाहिजे होती. सोव्हिएत काशिन वर्गाची विनाशिका, आताच्या युक्रेनमधल्या निकोलायेवच्या गोदीत बांधलेली, ४ मे १९८० ला जॉर्जियातल्या पोटी बंदरात आपल्या नौदलात आली, पहिले कप्तान गुलाब हिरानंदानी, आणि २१ मे २०२१ ला विशाखापट्टणमला तिचा झेंडा उतरवला, म्हणजे ४१ वर्षं नोकरी. ब्राह्मोस क्षेपणास्त्र पहिल्यांदा बसलं ते पण हिच्यावरच, पण मला त्याच्या आधीची, नवीकोरी १९८० ची करायची होती. खरी लांबी १४७ मीटर, १:३५० ला ४२ सेंटिमीटर. तळ आणि बॉडी शीटच्या फ्रेमवर केली, वरून गाडीवाल्यांची पुट्टी, घासून घासून गुळगुळीत, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सगळं अडलं ते डोलकाठ्यांपाशी, कारण काशिनच्या डोलकाठ्या म्हणजे दोन मोठे जाळीचे मनोरे, आणि त्यांच्यावर ती जाळीदार रडार. लांबून जहाज ओळखू येतं तेच मुळी त्या जाळीवरून.

हिशोब बघा, खऱ्या जहाजावर १० सेंटिमीटर जाडीचा पाइप असेल तर माझ्या मापात तो ०.३ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. एवढी बारीक प्लास्टिकची काडी ओढून काढता येते, मेणबत्तीवर तापवून, पण ती आपल्या उन्हाळ्यात सरळ राहायला तयार नाही. पितळी तार घेतली तर सुपरग्लूने जोडा, आणि सुपरग्लू वाळतो हवेतल्या ओलाव्यावर, मे महिन्यात आपल्याकडं हवेत ओलावा शोधायचा कुठं. एक काडी धरून बसायचं, ती बसली की दुसरी लावायची, तेवढ्यात पहिली सुटते कारण दोन गोल तारा एकमेकींना टेकतात किती तर सुईच्या टोकाएवढ्या. सोल्डरिंग गनने केलं तर एक जोड बसतो आणि शेजारचे चार सुटतात.

अशा अवस्थेत मी तुमच्याकडं आलो ते खरं तर बायकोच्या मंगळसूत्राची कडी घेऊन. कडी तुम्ही हातासरशी केली. मग मी धीर करून मोबाईलमधला डोलकाठीचा फोटो दाखवला आणि खिशातल्या डबीतला माझा वाकडातिकडा तुकडा काढला. तुम्ही भिंग डोळ्याला लावून तो उलटासुलटा करून बघितला. "हाई काय शे?" म्हणालात. मी सांगितलं. मला वाटलं आता हसणार. तुम्ही विचारलं, "याना वर वजन काय शे?" म्हणजे ह्याच्या डोक्यावर ठेवायचंय काय. नाना, आजपर्यंत माझ्या जहाजांबद्दल लोकांनी विचारलंय की पाण्यात तरंगतं का, रिमोट आहे का, केवढ्याला विकणार. वर वजन किती हे विचारणारे तुम्ही पहिले. आणि मग तुम्ही म्हणालात, "आखाजी व्हई जाऊ दे, मंग ये," आणि गिऱ्हाइकाकडं वळलात, जे बरोबरच होतं, अक्षय तृतीयेच्या तोंडावर जळगावात सोनाराच्या दुकानात उभं राहायला जागा नसते.

आखाजीनंतर मी आलो आणि तुम्ही जे जंतर काढलं ना कपाटातून. पोलादी पट्टी, तिच्यात ओळीनं भोकं, प्रत्येक भोक आधीच्याहून केसभर बारीक. बाजारातली अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार घेतली, टोक कानशीनं निमुळतं केलं, तारेला मेण लावलं, भोकातून टोक बाहेर आलं की सांडशीत धरून एका दमात ओढलं. पुढचं भोक. मग आणखी पुढचं. दोन-तीन भोकं झाली की तार ताठ होऊन कुरकुरायला लागते, पुढं ओढली तर तुटते, म्हणून तिचं वेटोळं करून आचेवर फिक्कट लाल केलं, गार झाली की मऊ सूत, परत जंतरात. हे मी यूट्यूबवर कितीदा पाहिलं होतं, पण तार भोकातून येताना हाताला जो बारीक थरथराट जाणवतो आणि तो वाढला की थांबायचं असतं, हे तुम्ही माझं मनगट धरून दाखवलं तेव्हा कळलं. शेवटच्या दोन ओढी मात्र तुम्ही न तापवता घेतल्या, म्हणालात आता कडकच राहू दे, हिला उभं राहायचंय.

आणि त्याच्यावरूनच पुढचं ठरलं. मला वाटत होतं सोनार म्हणजे टाकणखार आणि चांदीचा डाक, डाक म्हणजे जोडावर वितळवून ओतायचा धातू. तुम्ही म्हणालात त्या आचेला एवढी बारीक तार परत मऊ पडेल, सगळी मेहनत पाण्यात, हिला कथलाचाच डाक पाहिजे. कथील-शिशाचा डाक १८३ अंशांच्या आसपास पातळ होतो, तेवढ्यानं पितळाचा ताठपणा जात नाही. टाकणखार पण तिथं कामाचा नाही, तो इतक्या कमी आचेला वितळतच नाही, म्हणून रेडिओवाल्याकडची पेस्ट.

इथं मला जे सांगायचंय ते आलं. सोनाराच्या पाटावर कथील-शिसं म्हणजे विष. त्याचा एक कण सोन्यावर राहिला आणि तो दागिना आचेवर गेला की तो कण सोनं खातो, खड्डा पडतो, माल वाया. तुमच्या दुकानात कथलाची डबी आत आलेली मी तरी कधी ऐकली नाही, तुमचे बंगाली कारागीर सुद्धा एकमेकांकडं बघायला लागले. आणि तुम्ही माझ्या त्या खेळण्यासाठी मागच्या ओट्यावर वेगळी फरशी टाकली, वेगळा चिमटा, वेगळी कानस, वेगळा कोळसा, वेगळं फडकं, आणि संध्याकाळी काम संपलं की हात राखेनं धुवून मगच आत गेलात. दर वेळी. मी म्हटलं नाना राहू द्या, तुम्ही ऐकलंच नाही. कुठलं गिऱ्हाईक लाखाचा हार घेऊन आलं असतं आणि म्हणालं असतं याला कथील लावा, तर तुम्ही त्याला पायरी उतरवली असती.

कोळशाच्या सपाट तुकड्यावर तुम्ही टाचण्या रोवून डोलकाठीची एक बाजू आखली. मी तिरक्या काड्या एकेक कापून बसवत होतो, तुम्ही त्या सगळ्या बाजूला सारल्या आणि लांब तारा आरपार टाकल्या, जोडून घेतल्या, बाहेर आलेलं नंतर कापलं. जाळीकाम असंच करतात म्हणे. इतकं सोपं होतं. मग दिवा, आणि ती फुंकणी. गॅसची बंदूक समोर असताना तुम्ही फुंकणी घेतली, गालात हवा धरून, नाकानं श्वास चालू, ज्योत सुईसारखी लांब आणि अजिबात न तुटणारी. "आग जठे, डाक तठे." डाक आगीच्या मागं धावतो, म्हणून ज्योत जोडावर न मारता जिकडं डाक न्यायचाय तिकडून मारायची, आणि झालेल्या जोडांवर ओल्या कापसाचा बोळा, म्हणजे ते सुटत नाहीत. खडे बसवलेल्या दागिन्याला तुम्ही हेच करता. माझ्या चार सुटणाऱ्या जोडांचं औषध एक ओला कापूस होता आणि मी परदेशातून कसल्या कसल्या क्लिपा मागवायच्या विचारात होतो.

दोन बाजू सपाट झाल्या की त्या समोरासमोर उभ्या करून मधल्या काड्या. मग रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशनं धुणं, कारण पेस्टचा चिकटपणा राहिला तर प्रायमर धरत नाही आणि महिन्याभरात हिरवं पडतं. पूर्ण झाल्यावर तुम्ही डोलकाठीच्या टोकावर तुमचं एक वजन ठेवलं, तराजूतलं. मी डोळे मिटले. तिला काही झालं नाही. तुमच्या कारागिरानं टाळी वाजवली, त्याला पण थँक्यू, त्यानं दिलेला बारीक हातड्रिल अजून वापरतोय, आणि सूनबाईंना कळण्याच्या भाकरी आणि भरताबद्दल वेगळं थँक्यू, संध्याकाळी उशीर झाला की ताट यायचंच.

आता जहाज समुद्रात बसलंय. समुद्र म्हणजे थर्माकोल, त्यावर टिश्यू पेपर आणि फेविकॉल, वर ॲक्रिलिक जेल. नाकापासून दोन्ही बाजूंना फाकत जाणाऱ्या लाटा जहाजाच्या मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला साधारण साडेएकोणीस अंशांत ठेवल्यात, खोल पाण्यात बोटीच्या मागचा तो पंखा बहुतेक तेवढाच उघडतो, बोट छोटी असो की मोठी. समुद्राचा रंग तुम्ही सांगितलात तसा मारलाय, आधीचा निळा तुम्हाला पोस्टरसारखा वाटला होता, आता हिरवट करडा आहे. डेकवर माणसं ठेवलीत, प्रत्येकजण पाच मिलिमीटरच्या आतबाहेर, त्यातला एक मुद्दाम डोलकाठीच्या शिडीवर चढवलाय. दोरखंडासाठी केस वापरले, ते मापात अडीच सेंटिमीटर जाडीचे दोर होतात. बायकोचे आहेत, तिला विचारून घेतलेत.

एक काम राहिलंय. नाटोवाले ज्याला बिग नेट म्हणतात तो मोठा वाकलेला जाळीचा अँटेना अजून कागदाचाच आहे. त्याची जाळी विणायची का आरपार तारा टाकून जोडायची हे मला ठरवता येत नाहीये, कारण ती दोन्हीकडून वाकते. मी फोटो मोठे प्रिंट करून ठेवलेत. तुमचं मोतीबिंदूचं झालं की बघा, तोपर्यंत भिंग लावायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि तुम्ही लावताय हे पण मला कळलंय.

काचेची पेटी पुढच्या आठवड्यात मिळते. मिळाली की रविवारी घेऊन येतो, मोटारसायकलवर नाही, रिक्षानं, मांडीवर धरून. दुपारी आणणार नाही, त्या उन्हात शीट वाकते, सकाळी नऊच्या आत येतो, दुकान उघडायच्या आधी तुम्हाला निवांत बघता येईल.

तुमचा,
जहाजवाला