कोरा कागद

सातारा

चि. सानिका हिस अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, "बाबा, इथे ब्रिटनमध्ये एका पुस्तकात लिहिलेली राज्यघटनाच नाही, मग पंतप्रधानाला आवरतं कोण?" फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

बरीच वर्षं संकोचानं आवरलं. अमुक गोष्ट करायची नाही म्हणजे नाही, एवढंच. २०१९ साली तो संकोच उडाला. ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडायच्या, ऐन धामधुमीत तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सननी संसद पाच आठवडे स्थगित ठेवायचा सल्ला राणीला दिला. हुकूम राणीचा, मर्जी पंतप्रधानाची!

२४ सप्टेंबरला दुपारी मी टीव्हीपुढे बसलो होतो. तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या तेव्हाच्या अध्यक्षा लेडी हेल, काळ्या पोशाखावर हा मोठा आठ पायांच्या कोळ्याचा ब्रूच, संथपणे निकाल वाचत होत्या. अकराही न्यायाधीशांचं एकमत. सल्लाच बेकायदा, म्हणून तो हुकूम म्हणजे संसदेत कोरा कागद घेऊन गेल्यासारखं. तीस वर्षं कोर्टात शिक्के मारलेल्या कारकुनाला हे ऐकून काय वाटलं असेल! चहा तसाच गार झाला. दुसऱ्या दिवशी संसद भरलीसुद्धा.

आणि हे सुप्रीम कोर्ट २००९ चं, तुझ्याहून लहान. त्याआधी शेवटचं अपील संसदेच्या वरच्या, लॉर्ड्सच्या सभागृहातले न्यायाधीशच ऐकायचे.

पण कोर्ट वरचढ झालं असं समजू नकोस. आपल्याकडे १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यापासून संसदेलाही घटनेची मूळ चौकट मोडता येत नाही. तिथे संसदेनं केलेला कायदा कोर्ट रद्द करू शकत नाही. २०११ च्या कायद्यानं निवडणूक कधी घ्यायची हे पंतप्रधानाच्या हातून काढलं होतं. २०२२ मध्ये साध्या कायद्यानं ते पुन्हा त्याच्या खिशात गेलं. वर कलम घातलं, की संसदेच्या विसर्जनात कोर्टानं लक्ष घालायचं नाही. तुझे सर म्हणतील, विसर्जन म्हणजे मतदारांकडेच जाणं, त्यात कोर्ट कशाला? असेल. मला मात्र ते कलम खटकतं.

बरं, तू राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक, त्यामुळे तिथे राहतेस तोवर तुलाही मत देता येतं. यादीत नाव घातलंस का? केंद्रावर फोटोचं ओळखपत्र मागतात, आपला पासपोर्ट चालतो.

आई डिंकाचे लाडू पाठवते आहे.

तुझा,
बाबा