चांदी नव्यासारखी केली नाहीत, म्हणून आभार

ताई,

सप्रेम नमस्कार. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण जुन्या चांदीची पेटी घेऊन बसलेल्या इतरांनाही तुमचं जुनी चांदी जपण्याचं काम कळायला हवं.

माझे आजेसासरे ब्रिटिश नौदलात अधिकारी. घर पोर्ट्समथच्या साउथसी भागात. १० जानेवारी १९४१ च्या रात्री जर्मन विमानांच्या बॉम्बफेकीत तिथला गिल्डहॉल, म्हणजे नगरभवन, जळाला, तसंच हे घरही. ढिगाऱ्यातून उपसलेली चांदीची भांडी तेव्हापासून पेटीत पडून होती. वितळवावीत की ठोकून, घासून नवीसारखी करावीत, यावर घरात वाद होता. तुम्ही दोन्हीला नाही म्हणालात आणि आधी प्रत्येक वस्तू नीट पाहिलीत.

सुऱ्यांच्या मुठींवरचा काळा, घट्ट ओघळ आम्हाला छपराचं डांबर वाटायचा. अशा मुठी पातळ पत्र्याच्या, पोकळ असतात आणि आत राळ भरून पातं बसवतात, हे तुम्ही दाखवलंत. आच लागली, राळ फुगली, शिवणी उकलून बाहेर आली. चहादाणीची चोच निखळली, कारण डाख, म्हणजे सांधा जोडणारा धातू, चांदीच्या आधी वितळतो. शुद्ध चांदी वितळते ९६२ अंश सेल्सिअसला, स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि बाकी बहुधा तांबं असलेलं मिश्रण, त्याच्या बरंच आधी. भांडं शाबूत, चोच गळालेली, एवढ्यावरून आगीची धग कुठवर चढली असेल ते तुम्ही सांगितलंत! त्या रात्रीबद्दल घरात कुणीच कधी इतकं बोललं नव्हतं.

जांभळट डागही काजळीचे नव्हेत. मिश्रणातलं तांबं आचेने आतवर काळवंडलं होतं. ते घासून काढलं असतं तर वरची चांदी गेली असती, आणि चमच्यांवरची आद्याक्षरंही.

सासूबाई चमच्यामागचा नांगर नेहमी अभिमानाने दाखवत, नौदलाची खूण म्हणून. तो बर्मिंगहॅमच्या चांदी तपासणी कचेरीचा शिक्का आहे, हे तुम्ही त्यांना किती जपून सांगितलंत. या वयात त्यांना वाईट वाटेल अशी मला धास्ती होती. त्यांनी उलट भिंग मागितलं आणि बाकीचे शिक्के विचारत बसल्या. त्या तासाभरासाठी मी तुमची विशेष ऋणी आहे.

चोच आता आम्लरहित कागदात, चहादाणीशेजारीच ठेवली आहे. मुठींना कुणी हात लावलेला नाही. काट्यांचा एक जुडगा अजून पाहायचा राहिलाय. सवड झाली की नक्की या, सासूबाई वाट पाहताहेत.

तुमची स्नेहांकित