फडावरचे शहाणपण

नाशिक,
कार्तिक शुद्ध एकादशी

चि. ईशा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीच्या सुटीत आपले बोलणे अर्ध्यावर राहिले आणि पुण्याची गाडी गाठायची म्हणून तू उठलीस. "बाबा, 'एवढी साधी अक्कल आहे' असे जो म्हणतो त्याला वाद करायचा नसतो, वाद मिटवून टाकायचा असतो," हे तुझे वाक्य तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. परंपरावादी राजकीय विचारातील 'कॉमन सेन्स' हा विषय तू प्रबंधिकेसाठी घेतला आहेस. तुझे म्हणणे अर्धे मला पटते; उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी तुझ्या शास्त्राचा अभ्यासक नाही, पण चौतीस वर्षे कालव्यांवर नोकरी केली, आणि पाण्याच्या पाळीवरून माणसे कशी भांडतात व कशी सांभाळून घेतात हे जवळून पाहिले आहे.

आधी शब्दाचे पाहू. या कल्पनेला मराठीत एकच नेमका शब्द नाही. 'सामान्यज्ञान' म्हटले की स्पर्धा परीक्षेची पुस्तके डोळ्यांसमोर येतात, 'व्यवहारज्ञान' म्हटले की पैशाअडक्याची जाण. 'तारतम्य' हा शब्द बराच जवळ जातो, पण त्यात ते सर्वांचे असण्याचा भाग येत नाही. म्हणून मी मनाशी 'चारचौघांचे शहाणपण' असे म्हणतो. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' या म्हणीत त्याची सगळी रीत आहे: ठेच एकाला लागते आणि शहाणपण वाटेवरच्या सर्वांचे होते.

अठराव्या शतकातील ब्रिटिश राजकारणी आणि विचारवंत एडमंड बर्कने 1790 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर जे पुस्तक लिहिले त्याचा गाभा मला याच म्हणीत दिसतो. त्याचे म्हणणे असे की एकेका माणसाजवळची बुद्धीची पुंजी लहान असते, म्हणून अनेक पिढ्यांनी साठवलेल्या भांडवलावर माणसांनी चालावे हे बरे. आणि ज्याला आपण पूर्वग्रह म्हणून झटकून टाकतो त्याच्या पोटात बरेचदा एखादे जुने, न बोललेले शहाणपण दडलेले असते. हाच बर्क त्याच काळात बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरच्या महाभियोगात वर्षानुवर्षे फिर्यादी म्हणून उभा राहिला आणि हिंदुस्थानातील माणसांना जुने कायदे, जुन्या रीती व स्वतःची प्रतिष्ठा आहे, ईस्ट इंडिया कंपनीला तेथे मनमानी करण्याचा अधिकार नाही, असे सांगत राहिला. 1795 मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. परंपरेविषयीचा बर्कचा आदर फक्त आपल्या देशातील सरदारांपुरता नव्हता, हे तुझ्या लेखनात आले पाहिजे असे मला वाटते.

आता माझ्या अनुभवाकडे येतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझी नेमणूक बागलाणात होती. मोसम आणि आरम या नद्यांवर, तसेच पलीकडे धुळे जिल्ह्यात पांझरेवर, फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. ही पद्धत तीनचारशे वर्षांची मानली जाते. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे सहसा तीन किंवा चार फड पाडलेले असतात, एका फडात सगळ्यांनी मिळून ठरवलेले एकच पीक घ्यायचे, आणि बहुतेक शेतकऱ्यांच्या जमिनीचा तुकडा प्रत्येक फडात असतो. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांच्या मजुरीची तजवीज गावानेच केलेली. मी तेव्हा नवा होतो आणि मला ही व्यवस्था अडाणी वाटली. प्रत्येकाने आपल्या मर्जीचे पीक घ्यावे आणि क्षेत्राच्या प्रमाणात तासांवर पाणी घ्यावे, म्हणजे स्वातंत्र्यही राहील व हिशेबही चोख होईल, असा एक तक्ता मी रात्र जागून तयार केला आणि पारावर वाचून दाखवला.

तेथे एक म्हातारा पाटकरी बसला होता. त्याने तक्ता शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, "साहेब, गव्हाच्या शेजारी ऊस आला, तर उसाचं झिरपलेलं पाणी गव्हानं कुठं ठेवायचं?" मग उठून तो मला शेतात घेऊन गेला. पाळी होऊन काही दिवस झालेले होते. त्याने वाकून मूठभर माती उचलली, मुठीत दाबली, तिचा गोळा झाला. अंगठ्याने हलकेच दाबल्याबरोबर तो गोळा भुसभुशीत फुटला. "हा वाफसा," तो म्हणाला. "आता औत घातलं तर चालंल. काल घातलं असतं तर ढेकळं निघाली असती. तुमच्या तक्त्यात हे कुठल्या घरात लिहायचं?" दुष्काळाच्या वर्षी एखादा फड पडीक ठेवला की तोटा सगळ्यांना सारखाच सोसावा लागतो, माथ्याचा तरला आणि शेपटाचा बुडाला असे होत नाही, हेही त्यानेच मला सांगितले. एका पिकाला एकाच वेळी पाणी लागते, म्हणून चारी एकदाच भरते आणि पाणी कमी मुरते. माझ्या तक्त्यात यातले काहीच नव्हते, आणि तो तक्ता तसाच लागू झाला असता तर पहिल्याच उन्हाळ्यात त्या गावात डोकी फुटली असती.

ब्रिटिश विचारवंत मायकेल ओकशॉटने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आपल्या लेखनात तांत्रिक ज्ञान आणि व्यवहारातील ज्ञान असा जो भेद केला आहे, तो तू मला समजावून सांगितलास तेव्हा मला ती फुटलेली मूठभर मातीच आठवली. पहिले ज्ञान पुस्तकात लिहिता येते, दुसरे हाताखाली राहून शिकावे लागते. आणि पहिले तेवढेच ज्ञान आहे असे समजून जो राज्य चालवायला निघतो, त्याच्यापासून ओकशॉटला भीती वाटत होती. आपल्याकडे अशा माणसाला फार पूर्वीपासून उंटावरचा शहाणा म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ हायेकने 1945 मध्ये अर्थव्यवस्थेबद्दल जवळपास हेच सांगितले: त्या त्या जागेची आणि वेळेची माहिती हजारो माणसांत विखुरलेली असते, ती एका टेबलावर गोळा होत नाही. म्हणून चालत आलेली गोष्ट बदलायची असेल तर ती का चालत आली हे आधी समजून घेण्याची जबाबदारी बदलणाऱ्यावर आहे, हा परंपरावाद्यांचा आग्रह मला मनापासून मान्य आहे.

पण ईशा, त्या पारावर कोण बसले होते हेही मला सांगितले पाहिजे, कारण ते लक्षात यायला मला फार वर्षे लागली. बोलणारे सगळे सातबाऱ्यावर नाव असलेले पुरुष होते. ज्यांच्या हातांनी चारीतला गाळ निघत असे ते भूमिहीन मजूर पाराखाली उभे होते, आणि खुरपणीला वाकणाऱ्या बायका तेथे नव्हत्याच. पाटकऱ्याचे शहाणपण खरे होते, पण ज्यांना ठेच लागली होती त्यांतील कित्येकांची ठेच त्यात कधी जमाच झाली नव्हती.

या बाबतीत आपल्या नाशिकइतका स्पष्ट धडा क्वचितच कोठे मिळेल. लहानपणी मी तुला काळाराम मंदिरात नेत असे, तेव्हा तू त्या काळ्या दगडाच्या खांबांवरून हात फिरवायचीस. त्याच मंदिराच्या दारांशी 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. पुढे दादासाहेब गायकवाडांनी तो येथे चिकाटीने चालवला, वर्षे गेली, तरी दारे उघडली नाहीत. दारे अडवणाऱ्यांना आपण काही विशेष सिद्धांत मांडतो आहोत असे वाटतच नव्हते. जे पूर्वापार आहे ते आहे, ही त्यांच्या लेखी साधी अक्कल होती. शास्त्रापेक्षा रूढी बलवान, हे वचन त्यांना पाठ होते. शेवटी 13 ऑक्टोबर 1935 रोजी, याच जिल्ह्यातील येवल्यात, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असे बाबासाहेबांनी जाहीर केले. ज्या समाजाने आपल्या चारचौघांत पाचव्याला बसू दिले नाही, त्या समाजाने आपल्याच घरातील माणसे गमावली. बर्कनेच लिहून ठेवले होते की ज्या राज्याजवळ बदलाचे साधन नाही त्याच्याजवळ टिकण्याचेही साधन नाही. ते वाक्य त्या वर्षी येवल्यात खरे झाले.

न्यायमूर्ती रानडे आपल्या निफाडला जन्मले, म्हणून मी त्यांच्याकडे जरा अधिक ओढीने जातो. 1897 मध्ये अमरावतीच्या सामाजिक परिषदेत त्यांनी पुनरुज्जीवनवाद्यांना विचारले की जुने परत आणायचे तर नेमके कोणत्या काळातले, कारण रूढी स्वतःच काळाप्रमाणे बदलत आल्या आहेत. ते बंडखोर नव्हते. परंपरेशी नाते न तोडता सुधारणा करावी हाच त्यांचा कल होता. तुझ्या प्रबंधिकेत परदेशी विचारवंतांच्या रांगेत त्यांना जागा दे. परंपरेचा मान राखून तिला प्रश्न कसा विचारावा, हे त्यांच्याइतके मला दुसऱ्या कोणात दिसले नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूची. हा शब्द परंपरावाद्यांच्या एकट्याच्या मालकीचा कधीच नव्हता. जानेवारी 1776 मध्ये टॉमस पेनने 'कॉमन सेन्स' याच नावाची पुस्तिका काढून अमेरिकनांना इंग्लंडच्या राजापासून तुटायला सांगितले, आणि पुढे बर्कला उत्तर देणाराही तोच. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात 1995 मध्ये माइक हॅरिस यांच्या पक्षाने 'कॉमन सेन्सची क्रांती' या घोषणेवर निवडणूक जिंकली, आणि 20 जानेवारी 2025 रोजी ट्रम्प यांनी शपथविधीच्या भाषणात तोच शब्दप्रयोग केला. मला याचे वाईट वाटते. पिढ्यांनी हळूहळू साठवलेले शहाणपण आणि एका झटक्यात सगळे उलटवणे या दोन गोष्टी एका घोषणेत बसवल्या की पहिलीचे फक्त नाव उरते. तो पाटकरी मला गप्प बसवण्यासाठी बोलला नव्हता. त्याने प्रश्न विचारला, शेतात नेले आणि माती माझ्या हातात दिली. 'साधी अक्कल' म्हणणारा तुला शेतात न्यायला तयार आहे का, आणि तेथे कोणाकोणाला बोलू देतो, एवढे पाहत जा.

त्या फडाचा मी तेव्हा हाताने काढलेला नकाशा कपाटात सापडला आहे. कडा जीर्ण झाल्या आहेत, म्हणून त्याची प्रत काढून सोबत पाठवतो. जानेवारीत आलीस की आपण बागलाणात जाऊ. गहू तेव्हा ओंबीत असेल, आणि या वेळी बायकांशी बोलायला तू बरोबर हवीस.

तुझे,
बाबा