सांगोल्याला बालेकिल्ला म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक आली की आपल्यासह सगळ्याच वर्तमानपत्रांत सांगोल्याच्या नावाआधी एक शब्द ठरलेला असतो : 'शेकापचा (शेतकरी कामगार पक्षाचा) बालेकिल्ला'. मी इथं चाळीसेक वर्षं मतदान करतोय. शिक्षक असल्यामुळं शेजारच्या तालुक्यांत केंद्रावरच्या ड्युट्याही पुष्कळ केल्या. मला तरी आमच्या आकड्यांत किल्ला कुठं दिसला नाही.

गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आबासाहेब, 1974 ची पोटनिवडणूक धरून 11 वेळा इथून निवडून गेले. पहिल्यांदा 1962 ला, शेवटचं 2014 ला. पण ते 1972 ला पडले होते आणि 1995 ला पुन्हा पडले, शहाजीबापू पाटलांकडून, फक्त 192 मतांनी. 2019 ला वय झालं म्हणून आबासाहेब थांबले, नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि त्याच बापूंकडून 768 मतांनी पडले. 192 आणि 768! एवढी माणसं आमच्या आठवडी बाजारात एका बोळात सापडतात. दोन्ही निकालांत 24 वर्षांचं अंतर, मधल्या काळात बापू काँग्रेसमधून शिवसेनेत गेलेले. पण त्यांची माणसं जागची हलली नाहीत. ज्या तालुक्यात सेनेला फारसं कुणी विचारत नव्हतं, तिथं धनुष्यबाणाला मतं पडली ती बापूंची म्हणून. आबासाहेबांच्या विरोधातला तालुका पहिल्यापासून होताच आणि जवळजवळ निम्मा होता. त्याचा फक्त झेंडा बदलत गेला.

आमच्याकडं 'तू कुठल्या पक्षाचा' असं कुणी विचारत नाही. 'कुठल्या पार्टीचा' असं विचारतात, आणि पार्टी म्हणजे माणूस. माझे वडील लाल बावट्याचे, म्हणजे शेकापचे, चुलते बापूंच्या पार्टीचे. वाडा एक, चुली दोन, मतं दोन. बाहेरून येणारे पत्रकार मराठा किती, धनगर किती अशी बेरीज मांडतात आणि निकाल सांगून मोकळे होतात. ती बेरीज अगदीच खोटी आहे असं नाही, पण आमचे वडील-चुलते सख्खे भाऊ आहेत, त्यांना ती कशी लावायची?

वडिलांनी मार्क्स वाचलेला नाही. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की आमदार एसटीतून उतरतो आणि पाण्याचं बोलतो. माणदेशात पाण्याशिवाय दुसरं बोलण्यासारखं असतं काय! 1993 पासून आटपाडीच्या पाणी परिषदांना नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आबासाहेब बसायचे, तेव्हा कृष्णेचं पाणी इकडं येईल यावर आमचाही विश्वास नव्हता. पुढं टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. त्यातल्या कितीतरी तेल्या रोगानं आणि खोडकिड्यानं गेल्या, तो विषय वेगळा. सूतगिरणीचंही नाव वडील घेतात. ते मत या हिशोबाचं होतं. लोकसभेला तेच वडील कुणाला मत देतात, हे त्यांनी आजवर घरात सांगितलेलं नाही.

2024 ला आबासाहेबांचे दुसरे नातू, शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख 25 हजारांवर मतांनी आले. राज्यात शेकापची आलेली ती एकमेव जागा, म्हणून 'बालेकिल्ला परत मिळवला' असे मथळे झाले. जरा खालचे आकडेही वाचायला हवे होते. बापू आणि दीपकआबा साळुंखे या दोघांच्या मतांची बेरीज बाबासाहेबांपेक्षा जास्त भरते. 2019 ला हेच दीपकआबा बापूंच्या बाजूला होते. यावेळी ते ठाकरेंच्या सेनेकडून स्वतः उभे राहिले, तेही शेकाप त्याच महाविकास आघाडीत असताना. दीपकआबांची सगळी मतं बापूंनाच गेली असती असं मी म्हणत नाही, पण लढत तिरंगी होती हे मथळ्यात कुठंच नव्हतं. आणि 2022 ला शिंदेंच्या बंडावेळी गुवाहाटीतून फोनवर बोललेल्या 'काय झाडी, काय डोंगार'मुळं बापू महाराष्ट्रभर गाजले, तेव्हा पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून 'आता तुमचे बापू पडत नाहीत' म्हणायचे. गाजणं निराळं आणि गावात मत पडणं निराळं, हे आम्हाला 1995 पासून ठाऊक आहे. तेव्हा गाजलेले आबासाहेब होते.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी विशेषण छापण्याआधी केंद्रवार आकडे छापावेत. निवडणूक कार्यालयाचा फॉर्म 20, म्हणजे केंद्रवार मतांचा तक्ता, कुणालाही बघता येतो. शहराची केंद्रं वेगळी काढा, टेंभूचं पाणी पोचलेली गावं वेगळी काढा, न पोचलेली वेगळी. मग आम्हालाही आमचा तालुका जरा कळेल.

2019 ला आमच्या केंद्रावर लीड कुणाला होता, यावरून वडील आणि चुलते आजही भांडतात. तो कागद मी काढून ठेवलाय. दोघांनाही अजून दाखवलेला नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सांगोला